झाकण, पीस आणि नांगराचा फाळ

मुलांनो, मासळीबाजारात गेलात की एक गोष्ट नीट पाहा. जाणती बाई मासा घेताना आधी भाव विचारत नाही. ती मासा हातात घेते, त्याच्या गालाजवळचे झाकण अंगठ्याने वर उचलते आणि आत डोकावते. आतले कल्ले लालभडक असले तर मासा ताजा. ते फिकट किंवा काळपट असले तर मासा परत टोपलीत जातो. मग विकणारीने कितीही शपथा घेतल्या तरी उपयोग नाही.

माझी अम्मी असेच करत असे. आम्ही रत्नागिरीला राहत होतो. मिरकरवाडा बंदरावर होड्या लागल्या की अम्मी पिशवी घेऊन निघे आणि मी तिच्या मागे.

"भाभी, आत्ताच होडीतून उतरलाय. बघता काय एवढं?" टोपलीवाली मावशी म्हणे.

"उतरला असेल मावशी, पण बघू तरी द्या," असे म्हणून अम्मी झाकण उचलत असे.

हे झाकण पुढे माझ्या फार उपयोगी पडले. कसे, ते सांगते.

मी उर्दू शाळेत शिकले. विज्ञान मला मनापासून आवडे. पण कॉलेजात गेले आणि पहिल्याच महिन्यात माझी पाचावर धारण बसली. प्राणिशास्त्राच्या तासाला सरांनी फळ्यावर माशाचे मोठे चित्र काढले. चित्राभोवती बाण, आणि प्रत्येक बाणापुढे एक नाव : ऑपरक्युलम, डॉर्सल फिन, पेक्टोरल फिन, पेल्व्हिक फिन, कॉडल फिन, लॅटरल लाइन. एकही शब्द ओळखीचा नव्हता. तो ना उर्दू वाटे, ना मराठी, आणि शाळेत शिकलेल्या इंग्रजीतही तो कधी भेटला नव्हता. मी ती नावे रात्रभर घोकली. दुसऱ्या दिवशी चाचणीत छातीजवळचा पर पोटाखाली गेला आणि पोटाखालचा छातीजवळ आला. मला दहापैकी दोन गुण मिळाले. विज्ञान सोडून द्यावे, असे माझ्या मनात आले. घरीही मी तसे बोलून दाखवले.

सरांनी मला बोलावले. त्यांनी गुणांबद्दल काहीच विचारले नाही. ते म्हणाले, "तू रत्नागिरीची ना? मग सांग, मासा ताजा आहे हे तुझी आई कसे ओळखते?"

मी म्हणाले, "कल्ल्यावरचे झाकण उचलून बघते."

"तेच ऑपरक्युलम. लॅटिन भाषेत ऑपरक्युलम म्हणजे झाकण. भांड्यावरचे असते तसे. झाले तुझे एक नाव पाठ!"

त्या दिवशी मला कळले, की ज्या शब्दांना मी भीत होते ते एके काळी स्वयंपाकघरातले आणि शेतातले साधे शब्द होते. आज आपण त्या शब्दांची घरे पाहू.

लॅटिन ही प्राचीन रोमच्या लोकांची भाषा. रोमचे शेतकरी, सैनिक, आचारी, लहान मुले, सगळे ती बोलत. पुढे रोमचे राज्य गेले आणि घराघरांत लॅटिन बोलणे थांबले. पण युरोपातील विद्वान लोक आपली पुस्तके लॅटिनमध्येच लिहीत राहिले. त्याला कारण होते. एकच मासा दर बंदरात वेगळ्या नावाने ओळखला जातो. आपला बांगडा घ्या. केरळात तो अयला होतो. आंध्रच्या किनाऱ्यावर त्याला कानागुर्ता म्हणत. मग फ्रान्समधील माणसाने लिहिलेले स्वीडनमधील माणसाला कळावे कसे? म्हणून सर्वांनी एका भाषेत लिहायचे ठरले. इसवी सन १५५४ मध्ये गियोम राँदले या फ्रेंच वैद्याने समुद्रातील माशांवर मोठा ग्रंथ छापला, तोही लॅटिनमध्येच.

आता ताटात नव्हे, पाटावर एक मासा ठेवा आणि डोक्याकडून शेपटीकडे चला.

तोंड उघडले की वरच्या टाळूत, अगदी पुढच्या बाजूला, एक हाड लागते. त्याचे नाव व्होमर. लॅटिनमध्ये व्होमर म्हणजे नांगराचा फाळ! ज्याने हे नाव दिले त्याने फाळ पाहिला होता, म्हणूनच त्याला ते सुचले. हे हाड माणसाच्या नाकातही असते आणि तिथेही त्याचे नाव हेच आहे. कित्येक माशांच्या या हाडावर बारीक दातही असतात.

शिंगाळा मासा पाहिला आहे ना? त्याच्या तोंडाभोवती लांब लांब दोरे लोंबतात. आपण त्यांना मिशा म्हणतो. इंग्रजीत त्यांना बार्बेल म्हणतात. हा शब्द लॅटिन 'बार्बा' या शब्दापासून निघाला आणि बार्बा म्हणजे दाढी. आपल्याला ज्या मिशा दिसल्या, त्यांना रोमन लोकांनी दाढी मानले. खरे विचाराल तर त्या मिशाही नाहीत आणि दाढीही नाही. गढूळ पाण्यात अन्न चाचपून शोधण्याची ती माशाची बोटे आहेत. पण नाव पडले ते पडले.

आता झाकणाखाली पाहू. तुमच्या घरी भांड्यावरच्या झाकणाला सरपोश म्हणत असतील. ऑपरक्युलम हा माशाच्या कल्ल्यांवरचा सरपोश आहे. मराठी शास्त्रीय पुस्तकांत त्याला प्रच्छद असे भारी नाव दिले आहे. मला विचाराल तर झाकण हा शब्द काही वाईट नव्हता. आणि 'कल्ला' हा शब्दही ऐका. उर्दूत कल्ला म्हणजे गाल, जबडा. मराठीत माशाचे कल्ले असतात आणि माणसाच्या गालावर राखलेल्या केसांनाही कल्लेच म्हणतात. हे सगळे शेजारी शेजारी ठेवून पाहा.

बांगड्याचे झाकण उचला. लाल कल्ल्यांच्या आतल्या बाजूला कंगव्यासारखे लांब दाते दिसतील. बांगडा तोंड उघडे ठेवून पोहतो. पाणी कल्ल्यांतून बाहेर जाते आणि पाण्यातील बारीक जीव या दात्यांत अडकतात. तेच त्याचे जेवण. शास्त्रज्ञांनी बांगड्याला जे नाव दिले आहे ते आहे रास्ट्रेलिगर कानागुर्टा. रास्ट्रेलिगर म्हणजे लहानसे दंताळे बाळगणारा! शेतकरी खळ्यावर ज्या दंताळ्याने पाचोळा ओढतो, तेच दंताळे. आणि त्या नावातील दुसरा शब्द आंध्रच्या कोळ्यांचा आहे. पॅट्रिक रसेल या स्कॉटिश डॉक्टराने विशाखापट्टणमच्या माशांवरील आपल्या १८०३ च्या पुस्तकात तो लिहून ठेवला होता. म्हणजे अर्धे नाव रोमचे आणि अर्धे आपल्याच किनाऱ्याचे.

तुम्ही मालेगावचे किंवा औरंगाबादचे असाल आणि समुद्र दूर असेल, तर रोहू घ्या. त्याचे शास्त्रीय नाव लेबिओ रोहिता. लॅटिनमध्ये लेबिओ म्हणजे जाड ओठांचा. रोहूचे तोंड एकदा पाहा, मग हे नाव विसरणे शक्य नाही.

आता परांकडे येऊ. माझी सगळी चूक इथेच झाली होती, म्हणून इथे जरा थांबू.

लॅटिनमध्ये माशाच्या पराला 'पिना' म्हणतात. पिना म्हणजे पीस किंवा पंख. तुमच्या हातातील पेन हा शब्दही याच घरातला आहे, कारण पूर्वी पक्ष्याच्या पिसाने लिहीत आणि पिसाला लॅटिनमध्ये 'पेना' म्हणत. कानाच्या बाहेरच्या पाळीला विज्ञानाच्या पुस्तकात पिना म्हटलेले तुम्ही वाचले असेल. आता आपला शब्द पाहा. मराठीत माशाचा 'पर' म्हणतात. हा पर आला फारसीतून, आणि फारसीत व उर्दूत पर म्हणजे पीस, पंख! संस्कृतातून घेतलेला दुसरा शब्द आहे 'पक्ष', त्याचाही अर्थ पंखच. रोमचा माणूस, इराणचा माणूस आणि संस्कृत बोलणारा माणूस, तिघांनी मासा पोहताना पाहिला आणि तिघांनाही पाण्यात उडणारा पक्षी आठवला.

आता कोणता पर कुठे, ते पाहू. लॅटिनमध्ये पाठीला 'डॉर्सुम' म्हणतात, म्हणून पाठीवरचा तो डॉर्सल. शेपूट म्हणजे 'काउडा', म्हणून शेपटीचा कॉडल. छाती म्हणजे 'पेक्टुस'. झाकणाच्या लगेच मागे दोन बाजूंना जी जोडी असते ती पेक्टोरल. पोटाखालची जोडी पेल्व्हिक. शेपटीच्या अलीकडे खालच्या बाजूला एकटा पर असतो, तो एनल. लॅटिनमध्ये 'अनुस' म्हणजे वाटोळी कडी. आतड्याचे शेवटचे तोंड वाटोळे असते, म्हणून त्या तोंडाला आणि त्याच्या मागच्या पराला हे नाव मिळाले.

यांत पेल्व्हिक हे नाव मोठे गमतीचे आहे. 'पेल्व्हिस' म्हणजे पसरट भांडे, आपल्या परातीसारखे. माणसाच्या कमरेचे हाड तसे दिसते, म्हणून त्याला ते नाव दिले. पुढे माशाच्या मागच्या परांच्या जोडीला तेच नाव लावले. माशाच्या पोटात परात बिरात काही नसते. दोन छोटी हाडे असतात, इतकेच. तीच गोष्ट पेक्टोरलची. माशाला आपल्यासारखी छाती तरी कुठे असते? माणसाने आधी स्वतःचे शरीर पाहिले, त्याला नावे दिली आणि मग तीच नावे माशाला चिकटवली. मासे नाव देत असते तर त्यांनी वेगळी दिली असती!

बोंबलाच्या पाठीवर, शेपटीच्या जवळ, एक छोटासा मऊ पर असतो. त्यात काटा नसतो. शिंगाळ्यालाही तो असतो. त्याला एडिपोज म्हणतात. 'एडेप्स' म्हणजे चरबी. तो मांसल दिसतो, म्हणून जुन्या लोकांना त्यात चरबी भरली आहे असे वाटले. पुढे ट्राउट नावाच्या माशाचा असा पर तपासला, तेव्हा त्यात चरबी जवळजवळ नव्हतीच, मज्जातंतू मात्र होते. पाणी कसे वाहते आहे हे कळायला त्याचा उपयोग होत असावा, असे आता शास्त्रज्ञांना वाटते. नावात चरबी तशीच राहिली.

माशाच्या अंगावर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ जाते. ती लॅटरल लाइन. 'लाटुस' म्हणजे बाजू आणि 'लिनेआ' म्हणजे अंबाडीसारख्या जवसाच्या झाडाचा दोरा. सुतार लाकडावर दोरा ताणून रेघ मारतो ना, तशीच. या रेघेने माशाला पाण्यातील हालचाल कळते. अंधारातही दुसरा मासा जवळ आल्याचे त्याला समजते.

खवल्याला लॅटिनमध्ये 'स्क्वामा' म्हणतात. अरबीत 'फल्स' म्हणतात आणि फल्स म्हणजे पैसा, नाणेही! ताज्या रोहूचे खवले उन्हात पाहिलेत तर अरबांना नाणी का आठवली हे विचारावे लागणार नाही.

मासा कापल्यावर जठराच्या तोंडाशी बारीक नळ्यांचा झुपका दिसतो. या नळ्यांचे एक टोक बंद असते. त्यांना सीका म्हणतात. 'सीकुम' म्हणजे आंधळे. माणसाच्या आतड्याचाही एक भाग असाच बंद टोकाचा आहे आणि त्याचेही नाव तेच. इब्न सीनाच्या 'अल कानून' या प्रसिद्ध वैद्यकग्रंथात त्या भागाला 'आवर' म्हटले आहे. आवर म्हणजे एका डोळ्याचा. आत जायला आणि बाहेर यायला एकच तोंड, म्हणून एकाक्ष. रोमन माणसाने त्याला पूर्ण आंधळा ठरवले, अरबी वैद्यांनी निदान एक डोळा ठेवला. मला हा दुसरा शब्द अधिक बरोबर वाटतो.

सगळेच शब्द लॅटिन आहेत असे मात्र समजू नका. काही ग्रीक आहेत. कल्ल्यांना ब्रँकिआ म्हणतात, तो मूळचा ग्रीक शब्द लॅटिनने उसना घेतला. माशाच्या कानात लहान खडे असतात, त्यांना ओटोलिथ म्हणतात, तेही ग्रीकच. पण त्या खड्यांपैकी एकाचे नाव 'साजिटा' म्हणजे बाण आणि दुसऱ्याचे 'लापिलुस' म्हणजे बारीक खडा. ही दोन्ही लॅटिन. घोळ माशाच्या डोक्यातील असा खडा चांगला मोठा असतो. खड्यावरील वलये मोजून माशाचे वय काढतात.

ही नावे शिस्तीने कोणी लावली? स्वीडन देशात पीटर आर्टेडी नावाचा एक तरुण होता. त्याचा जन्म १७०५ चा. लहानपणापासून त्याला माशांचा नाद. उप्साला येथे शिकताना त्याची कार्ल लिनियस या विद्यार्थ्याशी घट्ट मैत्री जमली. दोघांनी निसर्ग वाटून घेतला. आर्टेडीकडे मासे, लिनियसकडे फुले. आणि दोघांनी एकमेकांना वचन दिले, की आपल्यापैकी जो आधी जाईल त्याचे अपुरे काम दुसऱ्याने पुरे करायचे.

आर्टेडीने माशाच्या एकेका भागाला कोणते नाव द्यायचे, त्याचा अर्थ काय, परांतील काटे कसे मोजायचे, हे सारे नीट लिहून काढले. १७३५ साली तो ॲमस्टरडॅम शहरात एका श्रीमंत संग्राहकाच्या माशांची यादी करत होता. सप्टेंबर महिन्यात एका रात्री तो जेवणाहून घरी निघाला. वाटेत अंधारात कालव्यात पडला आणि बुडून मेला. तेव्हा तो फक्त तीस वर्षांचा होता. त्याच्या खोलीचे भाडे थकले होते, म्हणून घरमालक त्याचे कागद द्यायला तयार होईना. लिनियसच्या एका धनवान मित्राने पैसे भरून ते कागद सोडवले. लिनियसने वचन पाळले. १७३८ मध्ये आर्टेडीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आज माशांच्या शास्त्राचा जनक म्हणून आर्टेडीचे नाव घेतात.

आर्टेडीच्या मोजणीचा उपयोग आपल्याकडेही झाला. फ्रान्सिस डे नावाचे लष्करी डॉक्टर मद्रासला होते. त्यांनी १८७५ ते १८७८ या काळात भारतातील माशांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येक माशापुढे डी, पी, व्ही, ए, सी अशी अक्षरे आणि त्यांच्यापुढे आकडे आहेत. मी ते पान प्रथम पाहिले तेव्हा मला ते जादूटोण्याचे यंत्र वाटले असते. पण तोवर मला घरे माहीत झाली होती. डी म्हणजे डॉर्सल, पाठीवरचा. पी म्हणजे पेक्टोरल. व्ही म्हणजे व्हेंट्रल. 'व्हेंटर' म्हणजे पोट, त्यालाच आता पेल्व्हिक म्हणतात. ए एनल, सी कॉडल. पुढे दोनदा एल लिहिलेले असते, ते अंगावरच्या रेघेवरील खवल्यांसाठी. रोहूच्या त्या रेघेवर चाळीस किंवा त्याहून थोडे अधिक खवले भरतात. तुम्हीही मोजू शकाल. आजच्या पुस्तकांत परातील टणक काटे रोमन आकड्यांत आणि मऊ काड्या अरबी आकड्यांत लिहितात. हे अरबी आकडेही भारतातून अरबांकडे आणि त्यांच्याकडून युरोपात गेले, ही वेगळीच कथा आहे.

त्या वर्षी पुढच्या चाचणीत मला दहापैकी नऊ गुण मिळाले. एक गुण का गेला? मी पेल्व्हिकचा अर्थ विचारात घेतला आणि पर थेट कमरेपाशी काढला. तसे नसते. लिनियसने १७५८ मध्ये माशांचे गट याच जोडीवरून पाडले होते. त्याला ते माशाचे पाय वाटत. रोहूचे हे 'पाय' पोटाच्या मध्यावर असतात. बांगड्याचे अगदी पुढे, छातीच्या पराखाली. काही माशांचे तर गळ्यापाशी. आणि ज्यांना ते मुळीच नाहीत, त्यांना त्याने बिनपायांचे म्हटले.

असा एक बिनपायांचा मासा तुमच्या बाजारात हमखास मिळतो. पुढच्या वेळी पापलेट घरी आले की अम्मीने ते कापण्याआधी मागून घ्या. आधी झाकण उचलून कल्ले पाहा. मग छातीजवळच्या परापासून खाली पोटावरून शेपटीकडे हळूच बोट फिरवा आणि दुसरी जोडी शोधा. तिथे ती लागणार नाही.